जावयाच्या वाडग्यातले मोड

“सूप म्हणजे काय जेवण झालं? ताप उतरलेल्या माणसाला देतात ते. वर त्यात ह्या शेवया. ना तोंड, ना शेपूट. सुरुवात कुठून करायची माणसाने?”

हे माझ्या कानाशी लागून कुरकुरत होते. दर रविवारी कुरकुरतात. त्या दुकानातली टेबलं इतकी चिंचोळी की शेजारच्याची कुरकुर ऐकू न येणं शक्य नाही, आणि आमच्या लग्नाला इतकी वर्षं झालीत की ऐकू आली नाही तरी मला ती पाठ आहे.

“हळू बोला. तो येईल एवढ्यात.”

“म्हणून तर आत्ता बोलून घेतोय. तो आला की मला सूप आवडतं.”

खोटं नव्हतं ते. जावई समोर येऊन बसला की आमचे हे पहिल्या घोटालाच “वा!” म्हणतात, आणि ते इतकं मोठ्याने की पलीकडचं गिऱ्हाईक आपल्या वाडग्यात डोकावून बघतं, आपल्याला काही कमी दिलंय का म्हणून.

दुकान आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा, आणि मध्ये अंग चोरून हे. बाहेर पाटी आहे, ‘व्हिएतनामी नूडल सूप’, आणि त्याखाली मालकिणीने मागाहून स्वतःच्या हाताने रंगवलेलं, ‘आमच्या पद्धतीने’. तरुणपणी ती एका व्हिएतनामी कुटुंबाच्या खानावळीत भांडी घासायला लागली, तिथून चिरायला, तिथून चुलीपाशी. हाडं, काळा होईतो भाजलेला कांदा, आलं, दालचिनी, चक्रफूल. सकाळी चढवलेलं पातेलं दुपारपर्यंत मंद रटरटत असतं. तेवढं ती शिकली तसंच करते. पुढचं सगळं तिच्या मनाचं. कुणाच्या वाडग्यात अर्धकच्चं अंडं, कुणाच्या भाजलेला मका, आणि एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला तर ती वरून लोण्याचा गोळा घालते. “तिकडच्या लोकांनी पाहिलं तर मला मारतील,” ती म्हणते. “पण तिकडचे येतात कुठे? इकडचेच येतात, आणि मका नसला तर इकडचे मारतात.” सतत वाफेच्या आड असते म्हणून ह्यांनी तिचं नाव वाफेबाई ठेवलंय. तिला ते माहीत आहे. ती ह्यांना लिफ्टवाले म्हणते. हे आयुष्यभर लिफ्टा दुरुस्त करत होते, त्यामुळे त्यांना ती शिवी वाटत नाही.

दुकान शोधलं आमच्या लेकीने. समोरच्या दातांच्या दवाखान्यात ती कामाला होती. दुसऱ्यांची तोंडं दिवसभर उघडी बघून तिला स्वतःला मऊ खायचीच इच्छा व्हायची म्हणे. एका रविवारी तिने आम्हा दोघांना आणि नवऱ्याला तिथे ओढून नेलं, आणि मग ते ओढणं कधी थांबलंच नाही.

तिला हे मुकादम म्हणायचे. चणीने एवढीशी, पण चार माणसं एकत्र बसली की ही कामं वाटून देणार. ह्या सूपाचंही तिने तसंच केलं. वाडगे आले की आधी कुणी चमचा बुडवायचा नाही. ह्यांना मुगाचे मोड अजिबात चालत नाहीत, कच्च्या गवतासारखे लागतात म्हणे. तर ह्यांचे मोड मुकादमाच्या वाडग्यात, कारण तिला ते जीव की प्राण. तिच्यातलं अंडं नवऱ्याच्या वाडग्यात. नवऱ्याच्या मिरच्या माझ्या, कारण मला तिखटाशिवाय घास उतरत नाही. आणि माझ्यातलं मांस ह्यांच्या, कारण माझे दात. दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या पोरीच्या आईचे दात असे असावेत हा विषय ती दर वेळी काढायची. टेबलावर असा फेरा व्हायचा, चारी वाडग्यांवरून जेवायच्या काड्या फिरायच्या, सूप सांडायचं, आणि ती म्हणायची, “हं. आता जेवा.”

“हे सरळ तसंच मागवता येत नाही का?” ह्यांनी एकदा विचारलं होतं. “मला मोड नकोत, तुला जास्त हवेत. सांगायचं त्या वाफेबाईला.”

“बाबा, मग तुम्ही मला काय देणार?”

ह्यांनी आपले मोड उचलून तिच्या वाडग्यात घातले.

मग साध्या तापाचं निमित्त झालं. ताप छातीत उतरला. इस्पितळात जाताना ती स्वतःच्या पायांनी चालत गेली होती, वाटेत रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडली होती. परत आणली तेव्हा दार मी नाही उघडलं, शेजारणीने उघडलं.

त्यानंतर काही रविवार कोण कुठे होतं ते मला सांगता यायचं नाही. एका रविवारी जावयाचा फोन आला. “आई, मी दुकानात आलोय. तुम्ही येताय का?” त्याला आईवडील नाहीत, काकाने वाढवला, तो काकाही आता नाही. लग्न झाल्या दिवसापासून तो मला आई म्हणतो ते तोंडदेखलं नाही. ह्यांनी शर्ट चढवला, मी पायात चप्पल सरकवली. तिच्या जागेवर आम्ही पिशवी ठेवली. वाफेबाईने काही न विचारता वाडगे आणले, सगळ्यांचे नेहमीचे.

आणि ह्यांनी सवयीने काड्यांत मोड उचलले. उचलून पिशवीच्या दिशेने नेले. तिथे वाडगा नव्हता. हात तसाच राहिला, मोड लोंबत होते, सूप टेबलावर ठिबकत होतं. ह्यांना हात मागेही घेता येईना. माणूस असा अडकलेला मी कधी पाहिला नाही, आणि लिफ्टमध्ये अडकलेल्यांच्या गोष्टी मी आयुष्यभर ऐकल्यात.

जावयाने आपला वाडगा उचलला आणि ह्यांच्या काड्यांखाली धरला.

“द्या बाबा,” तो म्हणाला. “मला आवडतात.”

झालं. तेव्हापासून मोड जावयाच्या वाडग्यात. ह्यांना असा काही आधार सापडला की विचारू नका. पुढच्या रविवारी ह्यांनी वाफेबाईला सांगून मोड जास्त मागवले. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी. “आमच्या जावयाला मोड आवडतात,” हे लाँड्रीवाल्यालासुद्धा सांगून झालं. वर्ष उलटून गेलं. मध्यंतरी एका रविवारी तर ह्यांनी ते एकदम दुप्पट करवले. ह्यांचा वाडगा आता सूपात मोड नसून मोडांत सूप असा येतो, आणि हे एकेक काडीभर मोड उचलून समोर घालत बसतात, पाखराला चारा घालावा तसे, आणि तो पोरगा खातो. मुकादमाचं नाव निघतं, नाही असं नाही. पण निघतं ते अशा बेताने, की दवाखान्यात उशीर झालाय, येईलच. “तिला हे नवीन वाडगे बघूनच राग येईल, केवढे खोल आहेत.” असं. तिघांपैकी कुणीच ह्याच्या पलीकडे पाऊल टाकत नाही.

मी घरी कपडे दुरुस्तीचं काम करते. चेन बसवणं, काठ वर घेणं, लग्नाआधी घट्ट आणि लग्नानंतर सैल करून देणं. आठवडाभर यंत्र चालू असतं तोवर बरं असतं. यंत्र थांबलं की घर कसं आहे ते कळतं. हे मग उगीचच नळ तपासतात. अशा घराला रविवार हा एकच दिवस होता, आणि तो रविवार जावयाच्या येण्यावर होता. तो यायचा थांबला तर आम्ही दोघं तिथे जाऊन काय करणार? वाडगे दोन, फेरा कसला?

हे सगळं सांगते कारण त्या रविवारी, हे माझ्या कानाशी कुरकुरत होते तेव्हा, मला ते दिसत होतं, समोर.

तो आला. चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवतो, त्यामुळे आल्या आल्या आधी ह्यांच्या नाकावरचा चष्मा काढून पुसतो, काडी वाकवून सरळ करतो आणि परत घालतो, मग बसतो. तसंच केलं. “बाबा, ह्याच्यावर बसला होतात ना?”

“मी नाही बसलो, अहो बापू. चष्माच माझ्याखाली आला.”

हे त्याला कौतुकाने ‘अहो बापू’ करतात. तो हसला, वाकून पिशवी सरळ ठेवली, आणि वाकताना मला त्याच्या शर्टाचं बटण दिसलं.

त्याची बटणं मी लावते. मुकादमाला सुईत दोरा ओवायचा कंटाळा, तेव्हापासून त्याच्या शर्टांचं खातं माझ्याकडे. मी टाके समांतर घालते, दोन ओळी, आणि खाली दोऱ्याची मान गुंडाळते. हे बटण फुलीच्या टाक्याने लावलेलं होतं. नीट लावलेलं, सावकाश, दोरा शर्टाच्या रंगाचा शोधून. पुरुष स्वतः बटण लावतो तेव्हा मिळेल त्या दोऱ्याने लावतो. हा दोरा कुणीतरी दुकानात शर्ट नेऊन जुळवला होता.

मी म्हटलं, “चमचे आणते,” आणि उठले.

वाफेबाई कट्ट्यामागे पातेल्यात पळी ढवळत होती. “बसा की, मी आणून दिले असते. आणि लिफ्टवाल्यांना सांगा, आज मोड एकदम ताजे आहेत. वेगळ्या बशीतच देते.” मग शेवया झाऱ्यात घेता घेता, अगदी सहज, “पण खरं सांगू का, तुमच्या जावयाचं मला काही कळत नाही. रविवारी बघावं तर एवढाले मोड खातो. आणि परवा म्हणाला, मोड अजिबात नको, बाधतात मला, रात्रभर पोट धरून बसावं लागतं.”

“परवा आला होता?”

“बुधवारी नाही का. त्या दोघांनी...”

झारा थांबला. वाफेत तिचं तोंड दिसेना, पण ते कसं झालं असेल ते मला कळलं.

“दोघांनी म्हणजे?”

“गर्दी होती हो. माझं लक्ष नव्हतं.”

बुधवारी त्या दुकानात गर्दी म्हणजे किल्लीवाला. मी चमचे मोजल्यासारखे करत उभी राहिले. मग माझ्या तोंडून गेलं, “चांगली आहे का?”

वाफेबाईने झारा खाली ठेवला, पदराला पुसायचा तो हात ओट्यावर पुसला. “शांत आहे,” ती म्हणाली. “वाडगा स्वच्छ केला तिने. तळाशी थेंब ठेवला नाही.” माणसाबद्दल ह्याहून मोठी शिफारस तिच्याकडे नाही. मग माझ्या मनगटावर तिने ओला हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. “जा, बसा. सूप निवतं.”

बाई आहे, हे बटणाने सांगितलंच होतं. त्याने मी हलले नाही, किंवा हलले ते इतकं आत की बाहेर यायला वेळ लागणार होता. मला थेट लागले ते मोड. वर्षभर हा पोरगा बाधणारी गोष्ट खातोय. आम्ही समोर बसून वाढतोय, मायेने, वर लाँड्रीवाल्याला सांगतोय. दर रविवारी आम्ही घरी येऊन म्हणतो, आज बरा जेवला हो. आणि तो तिकडे आपल्या खोलीत एकटा, पोट धरून.

मी जाऊन बसले. वाडगे आले, मोडांची वेगळी बशी आली. ह्यांनी दोन्ही हात चोळले.

“वा! आज तर खास तुमच्यासाठी बशी, अहो बापू. वशिला लागतो त्याला.”

“बाबा,” जावई म्हणाला. “खायच्या आधी एक बोलायचं होतं.”

“शेवया फुगतात.”

“थोडंच आहे.”

“थोडं असलं तर नंतरही थोडंच राहील. शेवयांचं तसं नाही.” आणि ह्यांच्या काड्या कामाला लागल्या. बशीतून वाडग्यात, बशीतून वाडग्यात. “ती गंमत सांगितली का तुम्हाला? त्या उंच इमारतीत एक बाई कुत्रा घेऊन लिफ्टमध्ये अडकली होती...”

ती गंमत आम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. कुत्र्यानेही ऐकली असेल. मी ह्यांच्याकडे बघत होते. असं बोलणं ह्यांनी किती रविवार मध्येच तोडलं होतं ते मला त्या वेळी आठवायला लागलं. त्याने “आई, एक सांगायचं होतं” म्हणायचं, आणि ह्यांनी कुत्रा काढायचा, नाहीतर पंखा, नाहीतर टेबलाचा आखूड पाय. मला वाटायचं, म्हातारपण. ह्यांना ऐकू कमी येतं.

जावयाने मान खाली घातली आणि काडीभर मोड तोंडात घातले. चावत राहिला. गिळताना त्याची मान ताणली गेली, लहान मुलाला औषध घेताना होते तशी. त्याने दुसरी काडी भरली.

मी हात लांब करून त्याच्या वाडग्यातले मोड उचलले आणि माझ्या वाडग्यात टाकले. परत उचलले. काड्या मला नीट येत नाहीत, निम्मे टेबलावर पडले. मग मी सरळ बोटांनी काढायला लागले. सूप पोळत होतं.

“अगं, काय चाललंय? त्याला आवडतात ते!”

“नाही आवडत.”

“तुला कुणी सांगितलं? त्याने स्वतः सांगितलंय मला. विचार त्याला. काय हो बापू?”

जावई माझ्याकडे बघत होता. मग त्याने मागे वळून कट्ट्याकडे पाहिलं. तिथे नुसती वाफ होती.

“बाधतात ना रे तुला?” मी विचारलं.

तो हळूच म्हणाला, “थोडे.”

“थोडे म्हणजे?”

“म्हणजे... सोमवारी दुपारपर्यंत.”

ह्यांच्या काड्या हवेत. “वर्षभर?”

“तुम्ही इतक्या आवडीने घालत होतात, बाबा.”

“मी आवडीने घालत होतो? अरे, तू आवडीने खात होतास म्हणून मी घालत होतो! माझ्या नाकाशी तो वास आला तरी मळमळतं मला. त्या बाईला सांगून सांगून वाढवून घेतले. ती मेहेरबानी म्हणून बशी भरून देते, आणि मी तिला खूश होऊन दाखवतो!”

“मला वाटलं, तुम्हाला बरं वाटतंय.”

“मला वाटलं तुला!”

आधी मला हसू फुटलं. मग ह्यांना. ह्यांचं हसणं आतून सुरू होतं, खांदे आधी हलतात. जावई तोंडावर हात धरून हसत होता, हसता हसता त्याला ठसका लागला, मी पाठीवर थापट्या मारायला लागले. लाँड्रीवाला दारातून बघून गेला. अख्खं वर्ष तीन शहाणी माणसं, एकाला न आवडणारी गोष्ट ज्याला ती बाधते त्या दुसऱ्याच्या पोटात जात होती, आणि तिसरी समोर बसून धन्यता मानत होती. मुकादम असती तर तिने आम्हाला ओळीने उभं केलं असतं. मी डोळे पुसले. हे चष्मा काढून पुसत होते. जावई पुसत नव्हता, त्याचं तसंच वाहत होतं, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्याचं हसणं मघाशीच थांबलंय.

शेवया फुगल्या होत्या, सूपावर चरबीची साय धरायला लागली होती.

“तिचं चष्म्याचं एक भिंग निखळलं होतं,” तो म्हणाला. “म्हणून दुकानात आली होती. शाळेत गाणं शिकवते. मी काही ठरवून... आई, मी ठरवून काही केलं नाही.”

“माहीत आहे.”

“मी तुम्हाला आधी सांगणार होतो. दर रविवारी सांगणार होतो. बाबा, तुम्ही बघितलंत ना आम्हाला? त्या दिवशी, बसस्टॉपवर?”

“मी कुठे बघितलं,” हे म्हणाले.

“तुम्ही हात केलात.”

“सवयीने केला असेल.”

“आम्हाला दोघांना केलात. मग वळून भराभर चालायला लागलात. मी मागून हाक मारली.”

“मला ऐकू कमी येतं.”

मी ह्यांच्याकडे वळले. हे माझ्याकडे बघत नव्हते. तर ह्यांना माहीत होतं. केव्हापासून, ते विचारायची गरज नव्हती. मोड दुप्पट कधी झाले ते मला माहीत होतं. घरी येऊन एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी नळाचा वॉशर बदलला असेल, दुसरं काय. आणि दर रविवारी तो तोंड उघडायचा आणि हे त्यात मोड भरायचे.

“ती विचारते,” जावई म्हणाला. आता तो टेबलाच्या कडेवर नखाने रेघा ओढत होता. “तिला माझ्याकडून उत्तर हवंय. तिचीही चूक नाही, किती थांबेल. मी तिला सांगितलं, मला घरी विचारावं लागेल. ती म्हणाली, तुला घर कुठे आहे? तर मी म्हटलं, आहे.” त्याने मोडांची बशी बाजूला सारली. मग म्हणाला, “म्हणून विचारतोय. तुमच्या मनात नसेल तर मी तिला नाही म्हणून सांगतो. आजच सांगतो. मला त्याचं काही वाटणार नाही.”

“वाटणार नाही कसं,” मी म्हटलं.

“वाटलं तरी चालेल. तुम्ही सांगा, आई. मी तुमच्या शब्दाबाहेर नाही.”

आणि तो खरंच नव्हता. हेच तर भयंकर होतं. त्याने ते आमच्या हातात दिलं होतं, वाडगा धरावा तसं, आणि थांबला होता. मी “नको” म्हटलं असतं तर तो तिकडे जाऊन त्या गाण्याच्या बाईला नाही सांगून आला असता, आणि पुढच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून इथे येऊन बसला असता. त्याच्या पुढच्याही. माझे डोळे मिटेपर्यंत. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द माझ्या जिभेवर नव्हता असं मी म्हणणार नाही. मी ओठ मिटून घेतले, दातांनी आतून धरून ठेवले.

आणि “हो” म्हणायला तरी तोंड कुठे होतं? “हो” म्हणजे काय काय झालेलं आहे, ते सगळं एकदम कबूल. मी पिशवीकडे पाहिलं. तिच्या जागेवर बसलेली, बंद खालीवर झालेले. तो माझ्याकडे बघत होता, मी ह्यांच्याकडे. वाफेबाई कट्ट्यामागे एकच वाडगा केव्हाची पुसत होती.

हे कुरकुरतील असं मला वाटलं. पंखा, टेबल, शेवया, काहीतरी काढतील. मी मनातून तेच मागत होते; कुत्रा काढा, म्हणावं, त्या बाईचा कुत्रा काढा. ह्यांनी चष्मा घातला. काड्या एकमेकींना जुळवून वाडग्यावर आडव्या ठेवल्या. मग पुढे झुकून जावयाचं मनगट धरलं, जोरात, लिफ्टच्या फटीतून माणूस ओढून घेताना धरत असतील तसं. आवाज अगदी साधा होता. ‘अहो बापू’ नव्हतं त्यात.

“अरे, ती मेली,” हे म्हणाले. “आमची पोर मेली रे, राजा. आता तू कुणाला विचारतोयस?”